एक टक्का

आमच्या घराण्यात वारसाहक्काने मिळण्यासारखे फारसे काही नव्हते. कोकणातली जमीन भाऊबंदकीत गेली, आजोबांचे चांदीचे ताम्हन आत्याच्या लग्नात गेले आणि वडिलांचे मनगटी घड्याळ दुरुस्तीला टाकले ते दुकानासकट गेले. एकच गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या वाटणी होऊनही तसूभर कमी न होता चालत आली. ती म्हणजे खाज.

माझ्या आजोबांना दमा होता, वडिलांना इसब होता आणि मला सकाळी उठल्याबरोबर ओळीने अकरा शिंका येतात. आमच्या इमारतीतले पेपरवाले त्यावर घड्याळ लावतात. दमा, इसब आणि शिंका ही दिसायला वेगळी पण मुळात सख्खी भावंडे आहेत आणि एकाच घरात फिरून फिरून जन्माला येतात, हे मला फार उशिरा कळले. तोपर्यंत मी शिंकांचा दोष डोंबिवली स्टेशनच्या धुळीला आणि वडिलांच्या इसबाचा दोष त्यांच्या साहेबाला देत होतो.

आमच्या नातवाचे नाव भारदस्त संस्कृत आहे. त्याचा अर्थ त्याच्या आईवडिलांनाही पुस्तकात बघावा लागतो, म्हणून घरात आम्ही त्याला गुंड्या म्हणतो. गुंड्या चार महिन्यांचा असताना त्याचे गाल लाल झाले. ‘‘कसा सफरचंदासारखा दिसतोय!’’ म्हणून सौ.ने त्याची दृष्ट काढली. दोन वर्षांचा झाल्यावर ते सफरचंद गालांवरून उतरले आणि कोपरांच्या व गुडघ्यांच्या घड्यांत, मनगटांवर आणि मानेवर जाऊन बसले. कातडी लाल, खरखरीत, मधूनच ओलसर. आणि कंड तर असा, की दिवसा खेळण्याच्या नादात कसाबसा विसरायचा, पण रात्री दिवा मालवला की पोर दोन्ही हातांनी स्वतःलाच ओरबाडायला लागे.

उपायांना तोटा नव्हता. कडुनिंबाच्या पाल्याच्या पाण्याने आंघोळ झाली. करंजाचे तेल झाले. त्या तेलाच्या वासाने गुंड्याची खाज गेली नाही, पण दुपारच्या वेळी येणारे विक्रेते मात्र गेले. वरच्या मजल्यावरच्या मावशींनी टाकळ्याचा पाला वाटून आणून दिला. मग सौ.ने माहेरच्या कुणा वैद्यांची आठवण काढून शतधौत घृताचा घाट घातला. तांब्याच्या परातीत तूप घ्यायचे, पाणी घालून हाताने फेसायचे, पाणी ओतून टाकायचे, पुन्हा नवे पाणी घालायचे, असे शंभर वेळा. राष्ट्रीयीकृत बँकेत चौतीस वर्षे काढलेला माणूस घरात असल्यामुळे आकडे मोजण्याचे काम माझ्याकडे आले. सदुसष्टाव्या वेळी फोन वाजला आणि मी सत्तरावर की एकाहत्तरावर यावरून आमचे जे भांडण झाले, त्यात पुन्हा एकपासून सुरुवात झाली. तूप लोण्याहून मऊ झाले हे खरे. गुंड्याची कातडीही त्याने जरा मऊ पडली. पण लाली होती तिथेच राहिली आणि कंडही.

शेवटी सूनबाई त्याला त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. येताना तिने तीन वस्तू आणल्या: साबणाऐवजी वापरायचे काहीतरी पांढरे, आंघोळीनंतर अंगभर चोपडायचा एक मोठा डबा आणि पंधरा ग्रॅमची एक चिमुकली ट्यूब. मी चष्मा लावून ट्यूबचे खोके वाचले. त्यावर लिहिले होते: हायड्रोकॉर्टिझोन, १ टक्का.

‘‘म्हणजे स्टेरॉइड!’’ मी ओरडलो.

या ओरडण्यामागे इतिहास होता. तो फारसा अभिमानास्पद नाही, पण सांगितल्याशिवाय पुढचे कळायचे नाही.

२०१६ च्या पावसाळ्यात माझ्या कमरेला, पायजम्याच्या नाडीच्या बरोबर खाली, रुपयाएवढे गजकर्ण उठले. असल्या जागेचे दुखणे घेऊन डॉक्टरकडे जाण्याऐवजी मी औषधाच्या दुकानात गेलो आणि काउंटरवर ओणवा होऊन खालच्या आवाजात तक्रार सांगितली. दुकानदाराने तेवढ्याच वरच्या आवाजात, ‘‘खाज? कुठं?’’ असे विचारले आणि सगळ्या गिऱ्हाइकांसमक्ष एक ट्यूब काढून दिली. ‘‘थ्री इन वन आहे,’’ तो म्हणाला, ‘‘काही असलं तरी जातं.’’

आणि गेले की हो! दुसऱ्या दिवशी खाज गेली, चौथ्या दिवशी लाली गेली, आठवड्याने मी दुकानदाराला धन्यवाद द्यायला गेलो. पंधराव्या दिवशी गजकर्ण परत आले आणि येताना दोन भावंडे घेऊन आले. मी पुन्हा मलम लावले, ते पुन्हा मिटले, मी थांबलो, ते पुन्हा आले. असे करता करता दिवाळीपर्यंत माझ्या पाठीवर आशिया खंडाचा नकाशा तयार झाला आणि मांडीच्या आतल्या कातडीवर पांढरट-तांबडे वळ उमटले. ते वळ आजही आहेत.

तेव्हा ज्या डॉक्टरांकडे मी हरून गेलो, त्यांनी ट्यूब पाहिली आणि कपाळाला हात लावला. म्हणाले, ‘‘यात बुरशीचं औषध आहे, जंतूंचं आहे आणि जबरदस्त स्टेरॉइड आहे. कातडीला सूज येते, खाज सुटते, ती म्हणजे तुमचा रखवालदार आरडाओरडा करतोय. तुम्ही रखवालदाराला झोपेची गोळी दिलीत. घर शांत झालं, आणि चोराला सगळ्या खोल्या मोकळ्या!’’ पुढे २०१८ साली सरकारने अशी बरीच स्टेरॉइडची मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. माझी पाठ त्यापूर्वीच कामाला आली होती.

तेव्हापासून मी शपथ घेतली, की स्टेरॉइड या घराचा उंबरा ओलांडणार नाही. ती उरलेली ट्यूब मात्र मी टाकली नाही. पैसे दिलेले औषध टाकून देणे हे आमच्या पिढीच्या हाडात नाही. कपाटाच्या वरच्या खणात, १९९८ च्या पावत्यांशेजारी ती पडून होती.

तर आता हा शब्द घरात पुन्हा आला, आणि तोही तीन वर्षांच्या पोराच्या अंगावर लावायला. मी ही बातमी संध्याकाळी खाली बाकावर सांगितली. दुसऱ्या माळ्यावरचे निवृत्त फौजदार ताडकन म्हणाले, ‘‘स्टेरॉइड? म्हणजे तो बेन जॉन्सन! अठ्ठ्याऐंशी साली सोलला शंभर मीटर नऊ पूर्णांक एकोणऐंशी सेकंदांत पळाला आणि सुवर्णपदक घालवून बसला. तुमच्या नातवाचं करिअर आत्ताच संपलं म्हणायचं.’’ वरच्या मावशींच्या भाचीच्या जावेच्या मुलीला म्हणे असल्याच मलमाने मिशा आल्या होत्या. तिसऱ्या एका गृहस्थांनी कातडी कांद्याच्या पापुद्र्याएवढी होते असे सांगितले आणि दाखवायला स्वतःचे कोपर पुढे केले. त्यावर काही दिसले नाही. त्यांनी ते मलम कधी लावलेही नव्हते.

पण माझा खरा आधार ऐकीव गोष्टींचा नव्हता, आकड्यांचा होता. त्या रात्री मी कपाटातली जुनी ट्यूब काढली आणि दोन्ही ट्यूबा शेजारी ठेवून वाचल्या. माझ्या पाठीची वाट लावणाऱ्या ट्यूबेत स्टेरॉइड किती? ०.०५ टक्के. आणि या पोराला दिलेल्या ट्यूबेत? पुरता १ टक्का! मी पाठकोऱ्या कागदावर भागाकार केला. वीसपट! आयुष्यभर पाव टक्का व्याजासाठी ठेवीदारांशी हुज्जत घातलेल्या माणसाला टक्के काय शिकवायचे? जी चीज ०.०५ टक्क्यात माझ्यासारख्या घोड्याला आडवे करते, ती १ टक्क्यात कोवळ्या पोराचे काय करील!

मी दुसऱ्या दिवशी सकाळी जाहीर केले, ‘‘मलम मी लावीन.’’

सूनबाईला नोकरी, मुलाला नोकरी, सौ.ला गुडघेदुखी, माझ्या या सेवाभावाचे सगळ्यांनी कौतुक केले. प्रत्यक्षात मी ट्यूबेचा खजिनदार झालो होतो आणि खजिनदाराचे पहिले कर्तव्य म्हणजे खर्च होऊ न देणे. टाचणीच्या टोकावर येईल इतके मलम मी काढत असे. त्यातले निम्मे टाचणीलाच राही. उरलेले मी दोन्ही कोपरे, दोन्ही गुडघे, मनगटे आणि मान यांत समान वाटत असे. देवळातला पुजारी गर्दीच्या दिवशी तीर्थ देतो ना, तसे. त्यातही दोन दिवस लावले की तीन दिवस सुट्टी, म्हणजे सवय लागायला नको.

सूनबाई विचारी, ‘‘बाबा, लावलं ना?’’

‘‘लावलं!’’ मी म्हणे. खोटे नव्हते.

असे पाच महिने गेले. गुंड्या रात्री दोनला उठायचा. आधी चादरीवर नखांचा आवाज यायचा, मग रडणे. सूनबाई त्याच्या हातात मोजे घालायची. तो ते दातांनी काढायचा. मग ती त्याला खांद्यावर टाकून बैठकीच्या खोलीत येरझारा घालायची आणि सकाळी सात बावन्नच्या लोकलला लटकायची. सकाळी चादरीवर रक्ताचे बारीक ठिपके दिसत. सौ. ती चादर न बोलता थंड पाण्यात भिजत घाली. मी अंथरुणात पडल्या पडल्या हे ऐकत असे आणि मनाशी म्हणत असे, बघा, एवढं स्टेरॉइड लावूनही गुण नाही! म्हणजे औषध घातकही आणि कुचकामीही, असे दोन्ही आरोप मी एकाच वेळी करत होतो आणि मला त्यात काही विसंगत वाटत नव्हते.

एकदा त्याला बालवाडीतून आणायला मी जरा लवकर पोचलो. अंगणात मुलांची आगगाडी चालली होती. पुढच्याचा हात मागच्याने धरायचा. गुंड्या शेवटचा डबा होता. त्याच्या पुढच्या मुलीने त्याच्या मनगटाकडे पाहून हात मागे घेतला. बाई म्हणाल्या, ‘‘अगं, धर ना!’’ ती म्हणाली, ‘‘बाऊ आहे.’’ इसब काही कुणाच्या हाताला हात लावून होत नाही. पण हे चार वर्षांच्या मुलीला कोण सांगणार? गुंड्याने काही तक्रार केली नाही. तो गाडीच्या मागे दोन हातांवरून, तोंडाने आवाज काढत, सुटलेल्या डब्यासारखा पळत राहिला.

त्या आठवड्यात मी स्वतःहून म्हणालो, ‘‘पुन्हा डॉक्टरकडे जाऊ या. मीही येतो.’’ माझा बेत त्या डॉक्टरांना जाब विचारण्याचा होता.

डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या निघाल्या. त्यांनी गुंड्याची घडी न्‌ घडी दिव्याखाली पाहिली आणि म्हणाल्या, ‘‘ट्यूब आणलीय का?’’

मी विजयी मुद्रेने ट्यूब पुढे केली. त्यांनी ती उजेडात धरली, दाबली, तळहातावर तोलून पाहिली.

‘‘ही कितवी?’’

‘‘पहिलीच,’’ मी अभिमानाने म्हणालो. ‘‘पाच महिने पुरवली. अजून निम्म्याहून जास्त आहे.’’

‘‘काका,’’ त्या शांतपणे म्हणाल्या, ‘‘ही ट्यूब एका आठवड्यात संपायला हवी होती.’’

सूनबाईने माझ्याकडे पाहिले. ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

मग मी माझे हत्यार बाहेर काढले. भागाकाराचा पाठकोरा कागद मी बरोबर नेला होता, आणि जुनी ट्यूबही. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही नीट पाहिले. मला वाटले, आता ही बाई सापडली. त्या म्हणाल्या, ‘‘काका, एक किलो भोपळी मिरची आणि पन्नास ग्रॅम लवंगी मिरची. दोन्ही टोपल्या समोर आहेत. वीसपट कुठली आहे ते मला कळलं. आमटीत कुठली घालाल?’’

मी गप्प.

‘‘टक्के हे वजन आहे, तिखटपणा नाही. तुमच्या या ट्यूबेत क्लोबेटासॉल आहे. त्याचा जोर हायड्रोकॉर्टिझोनच्या सहाशेपटीपर्यंत धरतात. स्टेरॉइडच्या मलमांच्या चार पायऱ्या असतात: सौम्य, मध्यम, जोरदार, अतिजोरदार. तुम्ही सगळ्यात वरच्या पायरीवरून पडलात. याला मी सगळ्यात खालच्या पायरीवर उभं केलंय. आणि ही वरची ट्यूब लोक काय काय करतात माहीत आहे? गोरं व्हायला चेहऱ्याला चोळतात! आधी महिनाभर चकाकी येते, मग कातडी पातळ होऊन लाल पडते, पुरळ उठतं, आणि थांबवलं की अशी आग होते की पुन्हा तेच लावावं लागतं.’’

‘‘पण ते बेन जॉन्सन...’’ मी शेवटचा प्रयत्न केला.

‘‘ते स्टेरॉइड वेगळं. स्नायू वाढवणारं. हे सूज उतरवणारं.’’

हे मला एकदम पटले. एके काळी गावोगाव कुलकर्णी असत. म्हणून काही सगळे कुलकर्णी एकमेकांचे चुलतभाऊ होत नाहीत. आमच्याच शाखेत तीन कुलकर्णी होते. एक भजन म्हणायचे, एक निलंबित झाले आणि तिसऱ्यांचा पहिल्या दोघांशी काहीही संबंध नव्हता. तिसऱ्यांचे सगळे आयुष्य हे लोकांना समजावून सांगण्यात गेले.

‘‘आणि हे औषध काही कालचं नाही,’’ डॉक्टरीणबाई पुढे म्हणाल्या. ‘‘कॉर्टिझोनच्या कामाबद्दल तिघांना १९५० साली नोबेल मिळालं. हायड्रोकॉर्टिझोन कातडीवर लावून गुण येतो हे १९५२ साली अमेरिकेत दोन डॉक्टरांनी दाखवलं. तेव्हापासून वापरात आहे.’’

माझा जन्म १९५२ चा. म्हणजे आम्ही दोघे एका वर्षाचे. दोघेही सौम्य, आणि दोघांच्या बाबतीत लोकांचा गैरसमजच जास्त. मला त्या ट्यूबेबद्दल प्रथमच थोडा आपलेपणा वाटला.

मग त्यांनी माझे बोट मागितले. खरोखरच मागितले. उजव्या हाताची तर्जनी पुढे करायला लावली आणि शेवटच्या पेराच्या रेघेपासून टोकापर्यंत मलमाची एक सरळ रेघ ओढली. गणपतीच्या नैवेद्याच्या पानात चटणी वाढतात ना, तशी. एवढे मलम माझ्या हाताने पाच महिन्यांत एकदम पाहिले नव्हते. ‘‘हे झालं साधारण अर्धा ग्रॅम,’’ त्या म्हणाल्या. ‘‘मोठ्या माणसाचे दोन पंजे, बोटांसकट, जेवढी जागा झाकतील तेवढ्या जागेला हे एक बोट. १९९१ पासून डॉक्टर लोक हे माप सांगतात. गुंड्याच्या सगळ्या घड्या, मनगटं आणि मान मिळून चार पंजे होतात. म्हणजे किती?’’

‘‘एका वेळेला दोन बोटं,’’ मी विद्यार्थ्यासारखे सांगितले. ‘‘सकाळ-संध्याकाळ चार. म्हणजे रोज दोन ग्रॅम. सात दिवसांचे चौदा.’’

‘‘आणि ट्यूब?’’

‘‘पंधराची.’’

चौतीस वर्षांच्या नोकरीत हिशोब इतका चोख जुळलेला मी पाहिला नव्हता. आणि इतका वाईटही वाटलेला नव्हता.

माझा चेहरा पाहून त्यांनी मला जरा हसवायचे ठरवले असावे. म्हणाल्या, ‘‘अंगावरच्या जागेजागेत फरक असतो. १९६७ साली हे मोजलं गेलंय. हाताच्या आतल्या बाजूने हायड्रोकॉर्टिझोन जेवढं आत जातं ते एक धरलं, तर तळपायातून त्याच्या सातव्या हिश्श्याएवढं जातं, डोक्याच्या कातडीतून साडेतीनपट, कपाळातून सहापट.’’ सर्वांत जास्त आकडा बेचाळीस आहे. तो पुरुषाच्या ज्या अवयवाचा आहे त्याचे नाव त्यांनी डॉक्टर असल्यामुळे सहज सांगितले आणि मी कुटुंबवत्सल लेखक असल्यामुळे इथे सांगू शकत नाही. माझे २०१६ चे गजकर्ण तिथून अवघे चार बोटांवर होते, एवढे सांगितले तरी पुरे. ‘‘म्हणूनच तर चेहऱ्याला, घड्यांना सौम्य औषध,’’ त्या म्हणाल्या. ‘‘आग लागलीय, ती आधी पुरतं पाणी ओतून विझवायची. पळीपळीने शिंपडून नाही विझत. सात दिवस भरपूर लावा, मग मला दाखवा. विझली की हे थांबवायचं आणि तो मोठा डबा चालू ठेवायचा, रोज, आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच.’’

‘‘आणि शतधौत घृत?’’ मी विचारले. सौ.ला उत्तर द्यायचे होते.

‘‘आग विझल्यावर बघू. आत्ता मी दिलेलंच.’’

जुनी ट्यूब मी त्यांच्याच कचऱ्याच्या डब्यात टाकली. टाकताना हात अडखळला, पण टाकली.

रिक्षात सूनबाई खिडकीबाहेर बघत होती. गुंड्या तिच्या मांडीवर झोपून गेला होता. झोपेतही त्याची बोटे कोपराच्या घडीत चालली होती. मी म्हणालो, ‘‘चूक झाली माझी.’’ ती थोड्या वेळाने म्हणाली, ‘‘मीच ट्यूब बघायला हवी होती, बाबा. तुम्ही लावता म्हटल्यावर विचारलं नाही.’’ यात तिने मला माफ केले की जास्तच टोचले, हे मला अजून ठरवता आलेले नाही. सासऱ्याने न विचारता कारभार हाती घ्यायचा आणि सुनेने तो विचारायचा नाही, अशी आमच्या घरांची रीत. त्या रीतीपायी एक पोर पाच महिने जागले.

त्या रात्रीपासून मी बोट मोजून मलम लावू लागलो. पहिल्या दिवशी हात थरथरला, हे कबूल करतो. दोन बोटे मलम बाहेर आल्यावर मला बँकेची तिजोरी उघडी पडल्यासारखे वाटले. तिसऱ्या दिवशी मनगटे फिकी पडली. चौथ्या रात्री मी सवयीने दोन वाजता जागा झालो आणि आवाजाची वाट पाहत पडलो. आवाज आला नाही. सव्वादोन झाले. अडीच झाले. मला भलभलत्या शंका यायला लागल्या. उठून त्यांच्या खोलीच्या दाराशी गेलो, तर आत सूनबाईही उशाशी बसून कान देत होती. गुंड्या पाय पसरून, तोंड उघडे टाकून, आमच्या फौजदारांसारखा घोरत होता. आम्ही दोघे एकमेकांकडे पाहून हसलो आणि मग ती आडवी झाली. सकाळी तिची सात बावन्न चुकली. मी तिला उठवले नाही.

आठव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी मलम थांबवायला सांगितले. बाकावर मी हा सगळा वृत्तान्त मिरच्यांसकट सांगितला. फौजदारांनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, ‘‘ते ठीक आहे हो, पण तो जॉन्सनसुद्धा आधी बरा दिसत होता.’’ तिसऱ्या गृहस्थांनी पुन्हा कोपर दाखवले.

इसब पुरता गेला असे मात्र नाही. डॉक्टरीणबाईंनी तसे वचनही दिले नव्हते. मुले मोठी होतात तसा पुष्कळांचा कमी होतो, तोवर मधून मधून डोके वर काढतो, असे त्या म्हणाल्या होत्या. मार्गशीर्षातली थंडी पडली, हवा कोरडी झाली आणि एक दिवस गुंड्याच्या डाव्या कोपराच्या घडीत पुन्हा लाली दिसली. डॉक्टरीणबाईंना फोन झाला. तेच औषध, तेच माप, ठरलेले दिवस. मी चष्मा शोधत होतो, तेवढ्यात गुंड्याच ट्यूब घेऊन आला.

‘‘आबा, बोट.’’

मी बोट पुढे केले आणि मलम काढायला लागलो. जुन्या सवयीने हात मध्येच थांबला. गुंड्याने माझे बोट दोन्ही हातांत धरून डोळ्यांजवळ नेले आणि बारकाईने पाहिले.

‘‘रेघेपर्यंत नाही आलं,’’ तो म्हणाला.

अजून तांदळाएवढी जागा बाकी होती.